"सेटलिंग विथ पॉवर" नक्की कशाला म्हणायचं? हेलिकॉप्टरवाल्यांचे शब्द आणि रोटरची हवा

घिरट्या (धागाकर्ता)

हेलिकॉप्टर शिकवताना एक प्रकार वारंवार दिसतो. दोन विद्यार्थी दोन वेगळी पुस्तकं वाचून येतात, दोघंही "सेटलिंग विथ पॉवर" म्हणतात आणि दोघांच्या डोक्यात दोन वेगळी संकटं असतात. परीक्षेत मार्क गेले तर जाऊ देत, पण हवेत त्या दोन संकटांवरचा उपाय वेगळा आहे. म्हणून हा धागा.

प्रसंग पहिला. तुम्ही उतरायला येताय, पुढचा वेग जवळजवळ संपलाय, वारा पाठीमागून आहे (हे बहुतेक वेळा ध्यानातच आलेलं नसतं) आणि खाली येण्याचा दर वाढत चाललाय. अंगाखाली थरथर सुरू होते. सायक्लिक (रोटर हव्या त्या दिशेला झुकवणारी दांडी) सैल लागतो, नाक मनाला येईल तसं इकडेतिकडे हिंडतं. व्हर्टिकल स्पीडचा काटा घसरतो, हात आपसूक कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारी दांडी) ओढतो, आणि काटा आणखी खाली जातो. इंजिनात ताकद शिल्लक आहे, रोटरचा आरपीएम हिरव्या पट्ट्यात आहे, तरी यंत्र बसत चाललंय. रोटरनं खाली ढकललेली हवा पात्यांच्या टोकांभोवती वळसा घालून पुन्हा वरून आत शिरतेय. याला व्होर्टेक्स रिंग स्टेट (भोवऱ्याच्या कड्यात अडकणं) म्हणतात, पुढे नुसतं व्हीआरएस म्हणतो. खाली धावणाऱ्या सरकत्या जिन्यावरून वर चढायला जावं आणि तुम्ही जितकी घाई कराल तितका जिना वेग घेत जावा, तशातली गत.

प्रसंग दुसरा. उंच डोंगर, तापलेली हवा, टाकी भरलेली, सगळ्या सीटवर माणसं. जमिनीपासून बरंच वर हॉव्हरला (हवेत एका जागी) थांबायचंय, म्हणजे ग्राउंड इफेक्टची (जमीन जवळ असली की पॉवर कमी लागते त्याची) मदत नाही. वेग उतरत गेला तशी ट्रान्स्लेशनल लिफ्ट (पुढच्या वेगानं मिळणारी जादा उचल) गेली. कलेक्टिव्ह वर, अजून थोडा वर, आणि लो आरपीएमचा भोंगा. इथं हवेचं कडं वगैरे काही नाही. हॉव्हरला लागते तेवढी पॉवर इंजिनाकडे नाही, संपला विषय.

या दोन्हींना लोक "सेटलिंग विथ पॉवर" म्हणतात. पहिल्यात पॉवर आहे पण ती लागू पडत नाही. दुसऱ्यात पॉवरच पुरत नाही. पहिल्यातून सुटायचं तर आपल्याच घाण हवेतून बाहेर निघायचं: सायक्लिक पुढे, कलेक्टिव्ह खाली, वेग पकडायचा. दुसऱ्यात आधी आरपीएम वाचवायचा, मग जमेल तितका पुढचा वेग, आणि उंचीच नसेल तर जे काही रोटरमध्ये उरलंय ते टेकताना वापरायचं. एफएएच्या (अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामक संस्थेच्या) हेलिकॉप्टर हँडबुकात आता मुख्य नाव व्हीआरएस आहे आणि सेटलिंग विथ पॉवर हे "पूर्वी वापरात असलेलं नाव" म्हणून दिलंय. पण जुने वैमानिक आहेत, जुन्या सवयी आहेत, आणि "पॉवर सेटलिंग" नावाचं तिसरं बारसंही कुणीतरी करून ठेवलंय.

तुमच्याकडे असे शब्द असतील तर टाका. एका नावाची दोन दुखणी चालतील, एका दुखण्याची दोन नावंही चालतील.

निवांत_वाचक

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). आपला या क्षेत्राशी संबंध फक्त मान वर करून बघण्यापुरता, त्यामुळे बाळबोध प्रश्न: व्हीआरएस हॉव्हरमध्ये का होत नाही? तिथंही रोटर हवा खालीच ढकलतोय आणि वेग तर शून्य.

चक्रपाणि_२

प्रश्न बाळबोध अजिबात नाही. हॉव्हरमध्येही टोकांवर भोवरे असतातच, पण रोटरनं ढकललेली हवा त्यांना खाली वाहून नेते. तुम्ही स्वतः खाली यायला लागलात की त्या भोवऱ्यांचा पाठलाग सुरू होतो. तुमचा खाली येण्याचा वेग आणि ढकललेल्या हवेचा वेग जवळपास जुळले की भोवरे रोटरपाशीच साचून राहतात.

मग हा ढकललेल्या हवेचा वेग किती? मोमेंटम थिअरीचं सूत्र सोपं आहे: वजन भागिले (२ गुणिले हवेची घनता गुणिले रोटरचं क्षेत्रफळ), त्याचं वर्गमूळ. रॉबिन्सन आर२२ घ्या. पूर्ण वजन ६२२ किलो, रोटरची त्रिज्या सुमारे ३.८३ मीटर. समुद्रसपाटीला उत्तर येतं साधारण ७.३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे मिनिटाला १,४०० फुटांच्या थोडं वर. ढोबळमानानं याच्या अर्ध्यापासून गडबडीला सुरुवात होते. म्हणजे आर२२ला ७०० फूट प्रति मिनिटाच्या आसपास. पुस्तकात ३०० फुटांची मर्यादा देतात त्यात चांगली ऐसपैस जागा ठेवलेली आहे, आणि ती असावीच.

आता साडेसात टनाचं ब्लॅक हॉक घ्या, त्रिज्या ८.१८ मीटर. उत्तर १२ मीटर प्रति सेकंदाच्या जवळ जातं. रोटरच्या दर चौरस मीटरवर जितकं वजन जास्त तितका हा वेग जास्त आणि व्हीआरएसची हद्द तितकी लांब. त्यामुळे "३०० फुटांच्या वर गेलं की व्हीआरएस" हे वाक्य सगळ्या यंत्रांना सरसकट लावणं मला पटत नाही. आणि खूपच वेगानं खाली आलात, म्हणजे या आकड्याच्या दुपटीच्या पुढे, तर हवा पूर्णपणे खालून वर वाहायला लागते आणि कडं मोडतं. अर्थात तिथवर जाऊन व्हीआरएसमधून सुटका करून घ्या असं कुणी सुचवत नाहीये!

रच्याकने (जाता जाता), व्हीआरएसच्या पट्ट्यात हे सूत्र स्वतःच गळपटतं. प्रवाहाची दिशा एकच नसली की मोमेंटम थिअरी मांडताच येत नाही. तिथले आकडे प्रयोगांतून काढलेले असतात.

आडवा_वारा

चक्रपाणि, वैमानिकाला ३००च सांगा हो. उतरताना वर्गमूळ कोण काढत बसलंय?

पण तुमच्या मुद्द्याला एक वाईट उदाहरण आहे. ८ एप्रिल २००० रोजी ॲरिझोनात माराना इथं व्ही-२२ ऑस्प्रे (पंखांच्या टोकांना दोन रोटर असलेलं, हेलिकॉप्टरसारखं उतरणारं विमान) पडलं, १९ मरीन गेले. वेग ४० नॉटांच्या खाली आणि खाली येण्याचा दर मिनिटाला २,००० फुटांच्या वर होता. ऑस्प्रेचे रोटर वजनाच्या मानानं लहान, म्हणजे तुमच्या हिशेबानं हद्द बरीच लांब. पण दोन रोटर शेजारी शेजारी असले की दोघं एकदम व्हीआरएसमध्ये जातीलच असं नाही. एकाची लिफ्ट गेली, दुसऱ्याची राहिली, यंत्र सरळ उलटं झालं. त्यामुळे "व्हीआरएस म्हणजे वेगानं खाली बसणं" ही व्याख्याही सगळीकडे चालत नाही. ऑस्प्रेवाल्याला ते लोळण म्हणून कळेल.

चक्रपाणि_२

+१. गणित केलं. २० टन, ५.८ मीटर त्रिज्येचे दोन रोटर, येतात सुमारे १९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे मिनिटाला ३,८०० फूट. अर्ध्याची ढोबळ रेषा १,९०० फुटांवर. ४० नॉटांखाली त्यांची मर्यादा ८०० फूट आहे, तीही याच हिशेबानं ऐसपैस.

खटपट्या

मी रिमोटवाली मॉडेल हेलिकॉप्टरं उडवतो, तेव्हा खऱ्या वैमानिकांनी हसू नये. माझा शब्द: "जायरोस्कोपिक प्रिसेशन". सगळीकडे लिहिलेलं असतं की रोटर हा जायरो आहे, म्हणून दिलेला जोर ९० अंश पुढे जाऊन दिसतो. माझ्या एका मॉडेलला स्वॉशप्लेट (सायक्लिकचा हुकूम पात्यांपर्यंत पोचवणारी चकती) ९० पेक्षा कमी अंशांवर लावल्याशिवाय सायक्लिक सरळ चालत नाही. मग जायरोचं ९० गेलं कुठं?

चक्रपाणि_२

सापडला आमचा लाडका विषय. चहा घेऊन बसा.

जायरो म्हणजे कडक चकती. रोटरची पाती कडक चकतीला जडलेली नसतात, ती वरखाली फडफडू शकतात, फ्लॅपिंग म्हणतात ते. प्रत्येक पातं हा आपल्यापुरता एक झोका आहे आणि त्याला परत जागेवर आणणारा जोर मुख्यतः केंद्रापसारी बलाचा. बिजागरी बरोबर मध्यावर असेल तर गणित असं जुळतं की पात्याची नैसर्गिक वारंवारता फेऱ्यांच्या वारंवारतेइतकीच येते. सायक्लिक त्याला दर फेरीला एकदा ढकलतो. म्हणजे बरोबर रेझोनन्सवर. आणि रेझोनन्सवर कोणताही झोका ढकलण्याच्या पाव फेरी मागे असतो. पाव फेरी म्हणजे ९० अंश. आकडा तोच आला, म्हणून प्रिसेशन हे नाव खपून गेलं.

आता बिजागरी मध्यापासून थोडी बाहेर न्या, किंवा बिजागरी काढून टाकून पात्याच्या मुळालाच लवचीक करा. वारंवारता एकापेक्षा जरा जास्त होते, रेझोनन्स चुकतो, मागे पडणं ९० पेक्षा कमी होतं. तुमच्या मॉडेलचं डोकं कडक असणार, म्हणून तुमचं ९० कमी झालं. शुद्ध जायरो असता तर डोकं कसंही असो, ९०चे ८० झाले नसते. योग्य शब्द फेज लॅग.

रेझोनन्सवर असून पाती तुटून का जात नाहीत हा पुढचा प्रश्न येणार, त्याचं उत्तर आधीच देतो: फडफडणाऱ्या पात्याला हवाच जबरदस्त डॅम्पिंग देते. वर जाणाऱ्या पात्याचा हवेशी कोन कमी होतो, लिफ्ट कमी होते, ते थांबतं.

घिरट्या

चक्रपाणि, भौतिकशास्त्र कबूल. पण मी वर्गात प्रिसेशनच म्हणतो आणि म्हणत राहणार. कारण सायक्लिक पुढे ढकलला की डिस्क (फिरत्या पात्यांची चकती) पुढे झुकते. मधले अंश स्वॉशप्लेट जोडणाऱ्यानं आधीच जुळवून ठेवलेत. वैमानिकानं प्रिसेशन म्हटलं काय किंवा फेज लॅग म्हटलं काय, हाताची हालचाल तीच. माझं भांडण फक्त अशा शब्दांशी आहे जे ऐकून हात चुकीच्या दिशेला जातो.

चक्रपाणि_२

पण मग तोच विद्यार्थी उद्या डिझाइनला येतो आणि आम्हाला पहिल्यापासून सगळं पुसून काढावं लागतं.

घिरट्या

ते तुमचं पोट भरण्याचं साधन आहे, आम्ही का काढून घ्यावं?

निवांत_वाचक

हा हा! चालू द्या.

आता खरा प्रश्न. इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर थेट खाली पडतं असंच सगळे समजतात. पडतं का?

सावली

नाही. याचं सगळ्यात टोकाचं उत्तर २१ जून १९७२ला मिळालं. फ्रान्सचे जाँ बूले लामा हेलिकॉप्टर घेऊन १२,४४२ मीटरवर गेले. उंचीचा विक्रम झाला, पॉवर कमी केली आणि इंजिन विझलं. त्या थंडीत, त्या विरळ हवेत ते पुन्हा पेटलं नाही. बूले तिथून जमिनीपर्यंत इंजिनाशिवाय आले आणि सुखरूप उतरले.

हे ऑटोरोटेशन. इंजिन थांबलं की फ्रीव्हीलिंग युनिट रोटरला इंजिनापासून सोडवतं. कलेक्टिव्ह खाली केला की पात्यांचा कोन उतरतो आणि खालून वर येणारी हवा रोटर फिरवत ठेवते. पात्याचे तीन भाग पडतात. मुळाकडचा भाग इतका हळू फिरतो की तिथं स्टॉल (हवेशी कोन फार झाल्यानं लिफ्ट कोसळणं) असतो. मधल्या भागावरचं बल किंचित पुढे झुकलेलं असतं, तो रोटर फिरवतो. टोकाकडचा भाग मागे ओढतो पण लिफ्ट बरीचशी तोच देतो. मधला आणि टोकाचा हिशेब जुळला की आरपीएम स्थिर. जमीन जवळ आली की नाक वर करून फ्लेअर: पुढचा वेग विकून खाली येण्याचा दर कमी करायचा. शेवटी कलेक्टिव्ह ओढून रोटरमधली उरलेली ऊर्जा खर्च करायची. ती एकदाच मिळते.

आडवा_वारा

सावलीताई, एक पुरवणी. "कलेक्टिव्ह खाली केला की" हे वाचायला सोपं आहे. आर२२सारख्या हलक्या रोटरच्या यंत्रात त्याला साधारण एक सेकंद मिळतो. बूलेंच्या लामाचा रोटर बराच जड, तिथं थोडी उसंत असते. आणि जमिनीजवळ कमी वेगानं असाल तर कलेक्टिव्ह वेळेवर खाली करूनही भागत नाही, कारण फ्लेअरला विकायला वेगच नाही. हाइट व्हेलॉसिटी डायग्राममधला (उंची आणि वेगाच्या आलेखातला) तो पट्टा. हँगरमध्ये त्याला डेड मॅन्स कर्व्ह म्हणतात. हे नाव मात्र चोख बसलंय, कुणाचा गोंधळ होत नाही.

मला यादीत घालायचाय तो शब्द "स्टॉल". विमानातून आलेला माणूस स्टॉल ऐकला की वेग वाढव म्हणतो. हेलिकॉप्टरमध्ये त्याचे निदान दोन अर्थ आहेत.

एक, रिट्रीटिंग ब्लेड स्टॉल. समजा पात्याच्या टोकाचा वेग २०० मीटर प्रति सेकंद आणि तुम्ही ५० मीटर प्रति सेकंदानं, म्हणजे ताशी १८० किमीनं पुढे चाललाय. पुढे येणाऱ्या पात्याला २५० मिळतात, मागे जाणाऱ्याला १५०. लिफ्ट वेगाच्या वर्गावर ठरते, म्हणजे कोन तोच राहिला तर एका बाजूला पावणेतीन पट. तोल राखायला मागे जाणाऱ्या पात्याचा कोन वाढत जातो आणि एका वेगाला ते स्टॉल होतं. थरथर, नाक वर, आणि मागे जाणाऱ्या पात्याच्या बाजूला लोळण. उपाय: कलेक्टिव्ह कमी, वेग कमी.

दोन, लो आरपीएम रोटर स्टॉल. आरपीएम इतका पडतो की सगळीच पाती स्टॉल होतात. आर२२च्या पुस्तिकेत धोक्याची रेषा ८० टक्के अधिक दर हजार फुटांना १ टक्का अशी दिलीय. हा झाला की उपाय नाही. पाती वर दुमडतात, गोष्ट संपते. होण्याच्या आधी: कलेक्टिव्ह खाली, थ्रॉटल वर, ताबडतोब.

पहिला वेग जास्त म्हणून होतो. दुसऱ्याचा वेगाशी संबंध नाही. आणि वर्गात दोन्हींना "रोटर स्टॉल" म्हणणारे महाभाग मी पाहिलेत.

चक्रपाणि_२

तुमच्या पावणेतीन पटीवरच सगळं हेलिकॉप्टर अडलं होतं. हुआन दे ला सिएर्वाची पहिली ऑटोजायरो (इंजिनाऐवजी हवेनंच रोटर फिरणारी यंत्रं) कलंडत होती, कारण पाती कडक बसवलेली. त्यानं पात्यांना मुळाशी बिजागऱ्या दिल्या आणि जानेवारी १९२३मध्ये माद्रिदजवळ हेताफेला सी.४ नीट उडालं. पुढे येणारं पातं वर उठतं, कोन कमी होतो, लिफ्ट उतरते. मागे जाणारं खाली बसतं, उलटं होतं.

आणि इथं पुस्तकात अर्धंच लिहितात. "फ्लॅपिंगनं असमतोल जातो" हे खरं, पण नुसतं फ्लॅपिंग होऊ दिलं तर डिस्क मागे झुकते, नाक वर येतं, वेग मरतो. त्याला ब्लोबॅक म्हणतात. वैमानिक वेग घेताना सायक्लिक पुढे पुढे ढकलत राहतो ना, तेव्हा तो त्या झुकण्याला सायक्लिकच्या कोनांनी मोडून काढत असतो. म्हणजे स्थिर क्रूझमध्ये असमतोलाचं बरंचसं काम तुमचा हात करतोय, फ्लॅपिंगला श्रेय फुकटचं मिळतं.

खटपट्या

मग हेलिकॉप्टर किती वेगानं जाऊ शकतं याला छतच आहे की.

सावली

आहेच. ११ ऑगस्ट १९८६ला वेस्टलँड लिंक्सनं ताशी ४००.८७ किमी गाठले, तेही टोकाचा आकार खास बदललेली पाती लावून. त्यापुढे जायचं तर रचना बदलावी लागते. सिकॉर्स्कीच्या एक्स२नं २०१०मध्ये २५० नॉट गाठले. त्यात एकावर एक उलट फिरणारे दोन कडक रोटर, त्यामुळे दोन्ही बाजूंना पुढे येणारं पातं असतंच, मागे जाणाऱ्याकडून फार अपेक्षा ठेवायची गरज नाही. मागून ढकलायला वेगळा प्रॉपेलर.

सरळपंखी

विमानातून हेलिकॉप्टरकडे आलोय, म्हणून लिहितो. आमच्या हातात मुरलेली एक सवय इथं जीवघेणी आहे. समोर काही आलं की विमानवाला नाक खाली दाबतो. दोन पात्यांच्या टीटरिंग (सीसॉसारख्या हलणाऱ्या) रोटरला हे केलं की लो-जी (जवळजवळ वजनहीन अवस्था) येतं, पोट वर येतं तसं वाटतं. मुख्य रोटरवरचा भार गेला, पण शेपटीचा रोटर अजून ढकलतोय आणि तो गुरुत्वमध्याच्या वर आहे. यंत्र उजवीकडे लोळतं (अमेरिकी पद्धतीनं, वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरणारा रोटर धरून). विमानवाल्याचा हात लगेच सायक्लिक डावीकडे नेतो. डिस्क डावीकडे झुकते, पण रोटरवर भारच नाही तर खालचं धूड तिच्यामागे जाणार कसं? हब (पाती जोडलेला मधला भाग) जाऊन मास्टवर (रोटर फिरवणाऱ्या दांड्यावर) आदळतो. मास्ट बंपिंग. रोटर सुटूनही येऊ शकतो.

योग्य क्रम: आधी सायक्लिक हळुवार मागे, रोटरवर भार येऊ दे, मग लोळण सरळ कर. आर२२च्या पुस्तिकेत लो-जी पुशओव्हरला सरळ मनाई आहे, आणि १९९५मध्ये एफएएनं आर२२ आणि आर४४साठी एसएफएआर ७३ हा वेगळा नियम काढून हे शिकवणं सक्तीचं केलं.

शब्दाबद्दल तक्रार अशी की "मास्ट बंपिंग" हे शेवटच्या क्षणाचं नाव आहे. विद्यार्थ्याला सांगायला हवं ते पहिल्या क्षणाचं. लो-जी म्हणा, लोकांना वेळेवर कळेल.

घिरट्या

हा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवणार आहे. परवानगी गृहीत धरलीय.

त्याच जातीचा माझा दुसरा शब्द: एलटीई, म्हणजे लॉस ऑफ टेल रोटर इफेक्टिव्हनेस. अमेरिकी लष्कराच्या ओएच-५८ हेलिकॉप्टरांवरून हे नाव पुढे आलं आणि १९९५मध्ये एफएएनं त्यावर सल्लापत्रक काढलं. नाव ऐकून वाटतं की शेपटीचा रोटर निकामी झाला. बिघाड काहीच नसतो, तो फिरत असतो आणि जोरही देत असतो. कमी वेग, जास्त पॉवर, वारा वाईट बाजूनं, त्यात मुख्य रोटरचे भोवरे शेपटीवर येतात. नाक वळायला लागतं आणि वैमानिक पेडल (शेपटीच्या रोटरचा जोर बदलणारं) उशिरा देतो किंवा अर्धंच देतो. "इफेक्टिव्हनेस गेली" असं डोक्यात बसलेला माणूस पेडल दाबून बघतो, लगेच फरक दिसत नाही, आणि सोडून देतो. तिथंच घात. पूर्ण विरुद्ध पेडल आणि दाबून ठेवायचं, उंची असेल तर सायक्लिक पुढे आणि पॉवर कमी. वळण थांबायला वेळ लागतो. हल्ली बरेच जण "अनपेक्षित यॉ" (नाक अचानक वळणं) म्हणायला लागलेत, ते बरं आहे.

आणि दिशा! अमेरिकी यंत्रात नाक उजवीकडे पळतं, फ्रेंच आणि रशियन यंत्रांत रोटर उलटा फिरतो म्हणून डावीकडे. एकावर वर्षानुवर्षं काढून दुसऱ्यावर बसणाऱ्याचे पाय पहिल्याच यंत्राचे असतात.

निवांत_वाचक

अवांतर: इतकं वाचून पुढच्या वेळी बसायची हिंमत होईल का सांगता येत नाही. पण दुसऱ्या प्रसंगाबद्दल विचारायचं होतं. डोंगरावर पॉवर पुरत नाही म्हणता, मग एव्हरेस्टवर कुणी हेलिकॉप्टर टेकवलं होतं ना?

सावली

दिदिए देलसाल, १४ मे २००५, एएस३५० बी३. यंत्रातलं वजन काढून हलकं केलेलं होतं. ८,८४८ मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ४० टक्क्यांच्या आसपास असते, वर चक्रपाणिंनी दिलेल्या सूत्रात ती टाकून बघा. तितकंच वजन उचलायला हवा दीडपटीहून जास्त वेगानं ढकलावी लागते, आणि लागणारी पॉवर त्याच पटीत वाढते. टर्बाइनला मात्र त्याच विरळ हवेत कमी ताकद मिळते. वजन उतरवण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आडवा_वारा

मूळ धाग्याकडे. घिरट्या, तुम्ही व्हीआरएसला "सायक्लिक पुढे" एवढंच लिहिलंत. व्युशार्ड पद्धत का गाळलीत?

घिरट्या

गाळली नाही, कुणीतरी विचारेल म्हणून ठेवली होती.

क्लोद व्युशार्ड हे स्विस वैमानिक, त्यांच्या नावावर ती पद्धत आहे, आणि एफएएच्या हँडबुकातही आता दिलेली आहे. जुन्या पद्धतीत तुम्ही कलेक्टिव्ह खाली करून पुढे निघता, म्हणजे सुटण्याआधी आणखी उंची घालवता. व्युशार्डमध्ये कलेक्टिव्ह टेकऑफ पॉवरपर्यंत वर, पेडलनं नाक सरळ, आणि सायक्लिक बाजूला, १० ते २० अंश कलंडेपर्यंत. शेपटीचा रोटर ज्या बाजूला ढकलतो त्याच बाजूला जायचं. मग तो जोरही तुम्हाला कड्याच्या बाहेर काढायला मदत करतो. रोटरची पुढे निघालेली कड वर येणाऱ्या हवेत शिरली की काम झालं, उंची फार जात नाही. पॉवर वाढवून सुटणं हे ऐकायला उलटं वाटतं, पण जागच्या जागी वाढवणं आणि बाजूला सरकत वाढवणं यात फरक आहे. आणि हो, प्रसंग दुसरा असेल तर हे करायला टेकऑफ पॉवर असायला तर हवी!

सरळपंखी

मग बाजू कोणती ते यंत्रावर ठरणार.

घिरट्या

अर्थात. अमेरिकी पद्धतीच्या रोटरला डावं पेडल, उजवा सायक्लिक. फ्रेंच, रशियन रोटरला उजवं पेडल, डावा सायक्लिक. पाठ करायचं नसेल तर एवढंच: पॉवर वाढवताना जो पाय पुढे जातो, त्याच्या उलट बाजूला हात.

खटपट्या

आणि चिनूकसारखं, ज्याला शेपटीचा रोटरच नाही?

घिरट्या

तिथं पेडलचा हा भाग लागू नाही, पण बाजूलाच जायचं, कुठल्याही. पुढे गेलात तर पुढचा रोटर स्वच्छ हवेत येतो आणि मागचा अजून घाण हवेत असतो. बाजूला सरकलात की दोन्ही एकदम बाहेर.